एक इंच अलीकडे

मला पहिल्यांदा खरा मार बसला तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि कराटे शिकायला लागून मला चोवीस वर्षं झालेली. ब्लॅक बेल्ट मिळूनही जमाना लोटलेला. मार क्लासमध्ये बसला नाही. खोपटच्या एसटी डेपोत, भर दुपारी, बसच्या रांगेत बसला.

त्या दिवशी मी ठाण्यातल्या एका कॉलेजात मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर घेऊन निघालेले. अशी शिबिरं मी बरीच वर्षं घ्यायचे. दोन तासांचं काम असतं. कोणी मनगट धरलं तर कसं सोडवायचं, मागून धरलं तर कोपर कुठे मारायचं, गळा पकडला तर काय. मी एखादीला पुढे बोलवायचे, तिला माझं मनगट घट्ट धरायला सांगायचे आणि एका झटक्यात सोडवून दाखवायचे. मुली टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशी शेवटी मागच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला.

"मॅम, तुम्हाला कोणी खरंच मारलंय कधी?"

मी हसले. "आमच्या क्लासमध्ये रोजच," म्हटलं. सगळ्या हसल्या.

मला शहापूरला मावशीकडे जायचं होतं, म्हणून खोपटला आले. बस लागली तशी रांग सरकायला लागली. माझ्या पुढे एक म्हातारी बाई होती, हातात दोन पिशव्या. पस्तिशीचा एक माणूस बाजूनं आला आणि तिला खांद्यानं ढकलून दाराशी घुसला. चांगला इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग. दारूबिरू प्यायलेला नव्हता. मी म्हटलं, "ओ, लाईन आहे ना इथे."

तो वळला आणि त्यानं मला मारलं. थप्पड नाही, मूठ. डाव्या गालाच्या हाडावर. मग तो बसमध्ये चढला आणि पुढे जाऊन खिडकीशी बसला.

एवढंच. चार-पाच सेकंद असतील. दुखलं का, ते मला सांगता येणार नाही. आवाज आठवतो, आतून आल्यासारखा. आणि मग लक्षात आलं की मी नीट उभी आहे. पाय खांद्याएवढे अंतर ठेवून, गुडघे किंचित वाकलेले, आणि दोन्ही मुठी कमरेशी घट्ट आवळलेल्या. आमच्या क्लासमध्ये "तयार" म्हटल्यावर उभं राहतात तशी. कोणीतरी पुढची सूचना देईल म्हणून थांबल्यासारखी.

लोक बोलत होते. "मॅडम, कंडक्टरला सांगा," "पोलिसात द्या त्याला." म्हातारीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मी पाणी प्यायले. बस सुटली. मी पुढच्या बसनं शहापूरला गेले. मावशीनं विचारलं, "गालाला काय झालं गं?" मी म्हटलं, "बसच्या दाराला आपटले." तिनं हळद लावली. जेवायला वालाचं बिरडं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःलाच तपासून बघत होते, की आता राग येईल, आता रडू येईल. काहीच येत नव्हतं. नवऱ्यालाही मी बसच्या दाराचंच सांगितलं. ऑफिसला जात होते, स्वयंपाक करत होते, मंगळवार-गुरुवार क्लास घेत होते. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा आपला वाटत नाही, तसं सगळंच झालेलं. हात लावला की कळायचं, आहे. पण माझं आहे असं नाही.

आमचा क्लास डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये भरतो. सर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होते, आता रिटायर झालेत. एकतीस वर्षं हा क्लास चालवतायत. कधी मोठ्या आवाजात बोललेले मी ऐकले नाहीत. पंधराव्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलेले, तेव्हापासून त्यांचा एक नियम ऐकत आले. लढतीत मूठ समोरच्याच्या नाकाच्या एक इंच अलीकडे थांबली पाहिजे. "हवा लागली पाहिजे, मूठ नाही," म्हणायचे. मूठ लागली तर वाकून माफी मागायची आणि दहा दंड काढायचे. ज्याची मूठ सगळ्यात वेगानं येऊन सगळ्यात जवळ थांबते तो सगळ्यात चांगला विद्यार्थी. मी त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. चोवीस वर्षं मी न मारण्याचा सराव केला होता आणि त्यात मी खरोखर तरबेज झालेले.

सरांनी गाल पाहिला. क्लास संपल्यावर सगळे गेले तेव्हा म्हणाले, "बसच्या दाराला एवढं लागत नाही."

मग मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी खरं सांगत होते. बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात.

"अचानक झालं ना," सर म्हणाले. "ताण येतो. कोणालाही येतो. सराव वाढवायचा."

"सर, सरावात जे होतं तेच मी केलं. मूठ कमरेशी आणली."

मी विचारलं, "तुम्हाला कोणी मारलंय का? खरंच?"

सर हॉलचे पंखे बंद करत होते. एकेक बटण बंद करत गेले. सगळी झाल्यावर म्हणाले, "अंगठा मोडलाय एकदा. स्पर्धेत ओठ फुटलाय, चुकून. पण मला मारायचं म्हणून कोणी मला मारलेलं नाही." मग म्हणाले, "आणि मीही कोणाला नाही."

त्यांनी कुलूप लावलं. रिक्षा स्टँडपर्यंत आम्ही बरोबर चाललो.

पुढच्या रविवारी सकाळी सरांनी फक्त आम्हा मोठ्यांना थांबवलं. आम्ही पाचजण होतो. सर म्हणाले, "आजपासून थांबवायचं नाही. लागू द्यायचं." कोणाकडे ग्लोव्हज नव्हते, दातांना काही नव्हतं. असल्या गोष्टींची गरजच कधी पडली नव्हती. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तेव्हा ते स्वतः पुढे आले आणि मला म्हणाले, "तू ये. छातीच्या खाली मार. जोरात."

मी मारलं. मूठ त्यांच्या गणवेशापाशी जाऊन थांबली.

"मार म्हणतोय ना."

मी पुन्हा मारलं. पुन्हा थांबली. मी थांबवत नव्हते, ती आपली आपण थांबत होती. मागून कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आलेला. ते पुढे आले आणि त्यांनी मला खांद्याला धरून ढकललं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ढकललं तेव्हा मी मारलं आणि मूठ आत गेली. तेवढं मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं.

सर खाली बसले. पडले नाहीत, मांडी घालून बसावं तसे बसले. "चांगलं, चांगलं," म्हणत होते, पण श्वास येत नव्हता. आम्ही त्यांना रिक्षात घालून एक्स-रे काढायला नेलं. एका बरगडीला तडा गेलेला.

त्यांच्या घरी सोडायला गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं. मी त्यांच्या हातचं किती वर्षं खाल्लंय. सगळं ऐकून त्यांनी मला विचारलं, "तू मारलंस?"

"हो."

"का?"

"सरांनी सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "वय काय त्यांचं," आणि पाणी आणायला आत गेल्या. तेव्हा तरी मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्या शोकेसमधल्या ट्रॉफ्या मोजत उभी होते.

पालकांच्या ग्रुपवर बातमी गेलीच. "सर, हार्ड फाइट नको प्लीज", "मुलांना डिसिप्लिनसाठी पाठवतो, मारामारीसाठी नाही". महिन्याभरात मुलं निम्मी झाली. सर घरी बरगडीला पट्टा बांधून बसलेले, म्हणून क्लास मीच घेत होते. एक, दोन, एक, दोन. मुलांच्या मुठी हवेत जात होत्या आणि कमरेशी परत येत होत्या.

घोडबंदर रोडवरच्या एका जिमची माहिती मला माझ्या ऑफिसातल्या एकीकडून मिळाली. तिचा भाचा तिथे किकबॉक्सिंगला जायचा. एका मोठ्या टॉवरच्या तळमजल्यावर, कार धुण्याच्या दुकानाशेजारी. शनिवारी सकाळी मी गेले. शिकवणारी मुलगी अठ्ठावीस-एकोणतीसची, नाक एकदा मोडून थोडं वाकडं बसलेलं. ती तिथलीच, रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला ख्रिश्चनांची जुनी वस्ती आहे त्यातली. आजोबांची भातशेती होती, काका अजून खाडीत जाळं टाकतात, असं पुढे तिनंच सांगितलं. मी तिला चोवीस वर्षांचं सांगितलं. तिनं मान डोलावली, नाक मुरडलं नाही.

"फिटनेस दिसतोय मॅडम तुमचा. बघू ना."

पहिले तीन शनिवार तिनं मला कोणाशी खेळू दिलं नाही. चौथ्या शनिवारी डोक्याला हेडगार्ड, दातांत माउथगार्ड, हातात मोठे ग्लोव्हज घालून एका कॉमर्सच्या पोरीसमोर उभं केलं. पोरगी माझ्या निम्म्या वयाची, माझ्याहून बुटकी. मी पवित्रा घेतला. पहिली दहा-पंधरा सेकंद ती माझ्याजवळ येऊच शकली नाही. मग आली आणि तिनं माझ्या नाकावर मारलं. डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरा हात मारला तो तिच्या तोंडासमोर थांबला. तिनं त्याच बाजूनं परत मारलं. आणि परत.

घंटा झाल्यावर कोच आली. "मॅडम, एक हात खिशात घालून का खेळताय?"

मी खाली पाहिलं. उजवी मूठ कमरेशी होती.

"आम्हाला तसं शिकवलंय," मी म्हटलं. माउथगार्डमुळे ते नीट बोलता आलं नाही.

"आणि मार आला की डोळे मिटता तुम्ही. सगळेच मिटतात. ते जाईल. त्याला वेळ लागतो."

मला वाटलेलं की इथे रोज अशीच धुमश्चक्री चालत असेल. तसं नव्हतं. पूर्ण जोरात खेळायचं ते महिन्यातून एखाद्या वेळी, तेही तिच्या नजरेसमोर, तिनं जोड्या लावून. मी एकदा तिला विचारलं, "रोज का नाही?"

"रोज डोक्यावर मार खाल्ला तर डोकं राहील का?" ती म्हणाली. "बाकीचे दिवस हलकं. पण खरं. हलकं मारलं तरी ते लागायला पाहिजे, आणि समोरच्याला ते नको असलं पाहिजे. तो चुकवणार, तो उलटा मारणार. तुमच्याकडे काय होतं, समोरचा तयार असतो ना? मनगट पकडतो आणि उभा राहतो, सोडवा म्हणून?"

"हो."

"मग तो शिकवतोय तुम्हाला का सोडवून देतोय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मी जात राहिले. पहिल्यांदा मूठ वर राहिली तेव्हा दोन महिने झालेले. डोळे उघडे राहायला आणखी लागले. त्यात काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मार लागायचा, दुखायचं, घंटा व्हायची, आम्ही पाणी प्यायचो. एका शनिवारी त्या कॉमर्सच्या पोरीनं मला पोटात मारलं आणि मी दोरांना टेकले. ती पुढे येत होती, आणि अचानक मला भीती वाटली. साधी, खरी भीती. मी तिला मारलं. लागलं. तिची मान मागे गेली. ती माउथगार्डमधून हसली, अंगठा वर केला आणि परत आली. नंतर बाथरूममध्ये तोंड धुताना मी वाट बघत होते की आता तरी काही फुटेल. फुटलं नाही. फक्त हात थरथरत होते, आणि ते हात माझे होते.

सरांकडे मी दर आठवड्याला जायचे. काकू चहा द्यायच्या, आधीसारखं बोलायच्या नाहीत. मी सरांना जिमचं सगळं सांगायचे. ते ऐकून घ्यायचे, मध्ये प्रश्न विचारायचे, पायांबद्दल, अंतराबद्दल. बरगडी भरून आली. एके दिवशी म्हणाले, "शनिवारी मी येऊ का तुझ्याबरोबर? बघायला."

बघायला म्हणून आले, पण ट्रॅकपँट घालून आले. काउंटरवरच्या मुलानं फॉर्म दिला. त्यात "पूर्वीचा अनुभव" असा रकाना होता. सरांनी पेन धरून ठेवलं. मग तो रकाना तसाच सोडला आणि खाली "बिगिनर" वर खूण केली. मी दुसरीकडे बघितलं.

कोचनं त्यांना स्वतः घेतलं. "काका, हळूच खेळू. नको वाटलं तर हात वर करा." काका म्हणून त्यांना कोणी तोंडावर हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. दोघं हलके खेळायला लागले. आणि एक गोष्ट सगळ्यांना दिसली. सरांचे पाय फार सुंदर चालत होते. ती पुढे यायची तेव्हा ते तिथे नसायचे. तिचे पाच-सहा ठोसे हवेतच गेले. बाजूला पॅड मारणारी पोरं थांबून बघायला लागली.

"काका, डिस्टन्स भारी आहे तुमचं," ती म्हणाली.

मग तिनं कोपऱ्यात घेतलं आणि एक हलका ठोसा त्यांच्या कपाळाला लागला. अगदी हलका. सर थांबले, दोन्ही हात खाली घेतले, वाकले आणि म्हणाले, "सॉरी."

ती गोंधळली. "काका, मार तुम्हाला लागलाय. सॉरी तुम्ही का?"

पुन्हा खेळले. पुन्हा लागलं, पुन्हा त्यांच्या तोंडून सॉरी निघालं. तीन मिनिटांत चार वेळा. पाचव्यांदा निघालं नाही. घंटा झाल्यावर ते बाकावर येऊन बसले. ग्लोव्हज काढायला मी मदत केली, कारण पहिल्यांदा ते एकट्यानं काढता येत नाहीत. त्यांचा चेहरा लाल झालेला. "एकतीस वर्षं," एवढंच म्हणाले. बाहेर ट्रॅफिक तुंबलेला. बस पाऊण तास जागची हलली नाही. ते खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

त्याला आता दीड वर्ष होईल. आम्ही दोघंही जातो. सर जोरात खेळत नाहीत, डॉक्टरांनी मना केलंय आणि काकूंनीही. हलकं खेळतात. मला विचाराल तर आमची जुनी विद्या खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यांचे पाय खोटे नव्हते. पण तिच्यात एक इंच रिकामा होता आणि त्या एक इंचात काय असतं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आता खोपटसारखं पुन्हा झालं तर मी काय करीन, तेही मला माहीत नाही. कोणी विचारलं तर तसंच सांगते.

कॉलेजांची शिबिरं मी सहा महिने बंद ठेवली. परत सुरू केली तेव्हा मनगट सोडवणं काढून टाकलं. पहिली दहा मिनिटं मुलींना डेपोतलं सांगते, मी कशी उभी राहिले ते. टाळ्या वाजत नाहीत. मग पॅड धरून त्यांना एकमेकींना ढकलायला लावते, ओरडायला, पळायला. बऱ्याच जणींना ओरडताच येत नाही. त्यातच एक तास जातो.

डोंबिवलीच्या क्लासमध्ये आता एका पेटीत ग्लोव्हज आणि हेडगार्ड असतात. मोठ्यांसाठी रविवारी हलकी लढत असते, लागणारी. काता, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली, अजून शिकवतो, सरांचा त्यात जीव आहे. मुलं चौदा उरलीत.

गेल्या महिन्यात एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन चौकशीला आलेल्या. वेळ, गणवेश, परीक्षा सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "यात लागत नाही ना हो सर?"

पूर्वी सर या प्रश्नाला हसून "छे, छे" म्हणायचे. ह्या वेळी ते जरा थांबले.

"लागतं," ते म्हणाले. "लहान आहे तोवर नाही. पुढे थोडं लागेल. किती, ते तिला विचारून ठरवू."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी हॉलमध्ये ग्लोव्हज घातलेल्या दोघींकडे बघत होती. "घरी विचारून सांगते," म्हणून बाई तिला घेऊन गेल्या. अजून तरी परत आलेल्या नाहीत. सरांनी त्यांचं नाव वहीत लिहून ठेवलंय.